उताणं पडून पाहिलेला घुमट

इराणात इस्फहानला जाऊन मी चपला पाहून आले. लोक तिथे निळे घुमट पाहायला जातात. मी तेविशीची होते, लग्न नवं होतं आणि ह्यांना तिथल्या एका रस्त्याच्या कामावर पाठवलं होतं. मोठ्या मैदानाच्या टोकाला असलेल्या मशिदीशी पोचलो, तर गालिच्यावर जाण्याआधी पादत्राणं काढायची होती. माझ्या पायांत लक्ष्मी रोडच्या कोऱ्या करकरीत चपला! देवळाबाहेरून चपला जातात हे ज्ञान मी पुण्याहून बरोबर नेलं होतं. "तुम्ही या बघून, मी बसते राखत," असं म्हणून दोन्ही जोड मांडीशी घेऊन मी पायरीवर बसकण मारली. बऱ्याच वेळाने हे बाहेर आले. चेहरा असा, की बोलता येईना. मी विचारलं, "आत पंखे आहेत का हो?"

पुन्हा जाऊ म्हणता म्हणता तिथलं काम आटोपलं आणि ते राहूनच गेलं. आता हेही नाहीत. त्यामुळे यंदा कोबेला मुलाकडे आले आणि सुनेने सहज म्हटलं, "आई, मी शनिवारी टोकोनामेला जाते ना, तिथे एक इराणी घुमट आहे," तेव्हा मी चहा खाली ठेवला.

"जपानात?"

"जपानात."

"मी येणार."

"दोन गाड्या बदलायच्या, वर चढ. तुमचे गुडघे?"

"गुडघे माझ्याबरोबरच येतील."

माझी सून केतकी आर्किटेक्ट आहे. माझ्या मुलाची, निरंजनची नोकरी इथे, म्हणून तीही इथे. आल्यापासून ती जपानी शिकली, तिने दुकानात आरुबाइतो (अर्धवेळ काम) केला, लेकीला, रुहीला वाढवलं. तिची पदवी मात्र कपाटात. मग वसंतात कुठल्याशा प्रदर्शनात तिला मोरी-सान भेटल्या. या बाई तरुणपणी इस्फहानला राहून फरशीचं नक्षीकाम शिकून आल्या आणि आता टोकोनामेतल्या एका बंद पडलेल्या भट्टीच्या आवारात चारपाच जणांना घेऊन इराणी धर्तीची घुमटाची खोली उभारताहेत. घुमटावरचं नक्षीकाम झालंय, खालच्या भिंतींवरचं बाकी आहे. त्यासाठी एकच माणूस पगारावर घ्यायचा होता. आठवड्यातले तीन दिवस तिथेच राहून काम. केतकीने नमुन्याचा एक चौकोन करून दाखवायचा आणि मग मोरी-सान ठरवणार. पालथा घडवलेला तो चौकोन या शनिवारी उलटायचा होता.

हे मला निरंजनकडून कळलं. केतकी त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हती. फक्त दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं.

शिन-कोबेहून सकाळची गाडी धरली. मी डब्यातून धपाटे काढले, तर केतकी कुजबुजली, "आई, लसणाचा वास पसरेल." मी डबा मिटला. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी त्यांचा तळलेल्या माशांचा डबा उघडला. मी केतकीकडे पाहिलं. तिने निमूटपणे एक धपाटा मागून घेतला. नागोयाला उतरून दुसरी गाडी. तिच्या खिडकीतून मध्येच समुद्र दिसतो आणि मग विटांची धुराडी दिसायला लागतात. बहुतेक थंड पडलेली, एकाच्या तोंडातून तर चक्क झाड उगवलेलं.

टोकोनामे हे कुंभारांचं गाव. स्टेशनपासून वर जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही भिंती दगडांच्या नाहीत. भाजलेल्या मातीच्या जाडजूड नळ्या आणि दारूचे बुधले एकावर एक रचून त्या बांधल्या आहेत. आपल्याकडे उतरंड रचतात तशा, पण रस्ताभर. पायाखालीसुद्धा भट्टीतले तुकडे रोवलेत, म्हणून पाय घसरत नाही. दर वळणावर मी नक्षी बघायच्या निमित्ताने थांबत होते. खरं कारण केतकीला कळत होतं, पण ती "बघा, निवांत बघा" म्हणत राहिली.

भट्टीच्या आवारात ती खोली बाहेरून अगदीच साधी आहे, मातकट विटांची. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात जुने दर्गे असतात तेवढीच. चार कोपऱ्यांवर चार कमानी आहेत. त्यांनी खालच्या चौकोनाचा वर अष्टकोन केलाय आणि अष्टकोनावर गोल घुमट टेकवलाय. केतकी म्हणाली, "चौकोनावर गोल बसवायचा हा सगळा खटाटोप." ती कामाला गेली. मी आत गेले आणि मान वर केली.

मान फार वेळ वर राहीना. शेवटी आजूबाजूला कुणी नाहीसं बघून मी पदर सावरला आणि सरळ जमिनीवर उताणी झाले.

काय सांगू! मध्यभागी एक पिवळट सूर्य, त्याच्यापासून निघालेल्या वेली अस्मानी, फिरोजी, पांढऱ्या. खाली येता येता त्या मोठ्या होतात, त्यामुळे घुमट आहे त्याहून उंच वाटतो. वरच्या जाळीतून ऊन येत होतं. ते जिथे पडे तिथला निळा रंग ओला दिसे. ह्यांना बोलता का येत नव्हतं ते मला आत्ता समजलं. पन्नास वर्षं त्यांची टिंगल केली मी. "बाई गं, तू पंख्यांची चौकशी केलीस," मी त्या तेविशीतल्या शहाणीला मोठ्याने म्हणाले.

तेवढ्यात धावत आले देखरेखीचे एक आजोबा. म्हातारी कोसळली असं वाटून बिचारे पांढरेफटक पडले होते. "दाइजोबु देसु का?" (बऱ्या आहात ना?)

"दाइजोबु, दाइजोबु," मी पडल्यापडल्या म्हटलं आणि वर बोट दाखवलं. त्यांनी वर पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, टोपी काढली आणि थोडं अंतर राखून तेही आडवे झाले. आम्ही दोघं घुमट बघत पडून होतो, तर मला शोधत मोरी-सान आल्या. ठेंगण्या, साठीच्या पुढच्या, हात कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेले. हसल्यासुद्धा नाहीत. माझं जपानी दोन शब्दांचं, त्यांचं मराठी शून्य. पण फारसी त्यांना येत होती आणि मला इस्फहानच्या बाजारातली थोडी आठवत होती. त्यांनी वर दाखवून म्हटलं, "आसमान." मी म्हटलं, "अस्मान." त्यांनी खाली दाखवलं, "जमीन." मी म्हटलं, "जमीन!" मग दरवाजा, मैदान, बाग, कारखाना. आजोबा आमच्याकडे आळीपाळीने बघत होते.

कारखान्यात केतकी वाकून बसली होती. या कामाची गंमत अशी, की रंगीत फरशीचे छोटे तुकडे कापून, घासून ते कागदावरच्या आराखड्यावर पालथे मांडतात. रंग खाली, मातकट पाठ वर. मागून प्लास्टर ओततात. ते सुकून चौकोन उलटेपर्यंत काय झालंय ते करणाऱ्यालाही दिसत नाही. प्लास्टर तिने आल्याआल्याच ओतलं होतं. आम्ही अंगणात बसून उरलेले धपाटे खाल्ले. मोरी-साननी तीन खाल्ले. केतकीने हातात धरून ठेवला.

मग दोघींनी मिळून चौकोन उचलला आणि उलटला.

मला तर तो सुंदरच दिसला. आठ टोकांचा तारा आणि मध्ये भिरभिऱ्यासारखं फिरतं फूल. पण केतकी त्या फुलावर वाकली. मोरी-सान शेजारच्या तयार चौकोनाकडे बघत होत्या. त्यातलं फूल उजवीकडे वळलेलं, केतकीचं डावीकडे. तारा दोन्हीकडून सारखाच असतो, फूल नसतं. पालथं मांडायचं, म्हणून आराखड्यातच ते आरशातल्यासारखं काढायला हवं होतं. केतकीने सरळ काढलं होतं.

मला राहवेना. मराठीतच म्हटलं, "अगं, कुणाला कळतंय?"

"मला कळतंय, आई."

तिने छिन्नी घेतली आणि ती मधल्या फुलाभोवतीचं प्लास्टर हलक्या हाताने पोखरायला लागली. एकेक पाकळी न फुटता बाहेर आली. एक फुटली. तिने ती बाजूला ठेवली आणि पुढची धरली. मोरी-सान छातीशी हात बांधून उभ्या. मला वाटलं, संपलं. 

संध्याकाळी केतकी नेहमीसारखी एप्रन घडी करून पिशवीत घालायला लागली, तेव्हा मोरी-सान हात धूत, तिच्याकडे न बघता, काही म्हणाल्या. केतकी तशीच उभी राहिली.

"काय म्हणाल्या?"

"एप्रन घरी नेऊ नको म्हणाल्या. इथे खुंटी आहे म्हणाल्या."

उतारावरून येताना मी कुठेही थांबले नाही.

परतीच्या गाडीत मात्र केतकीचा चेहरा पुन्हा सकाळसारखा काळजीचा झाला. "मी अजून हो म्हटलेलं नाहीये," ती म्हणाली. "आठवड्याचे तीन दिवस. तुमचा व्हिसा जानेवारीत संपतो. मग रुहीचं कोण बघणार?"

"तिचा बाप."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने निरंजनला मेसेज पाठवला होता, त्याचं उत्तर आलं. तिने फोन माझ्यापुढे धरला. 'काय सांगतेस! अभिनंदन!! हो म्हण लगेच.' आणि त्याच्याच खाली, 'पण जेवणाचं काय करायचं?'

बाहेर अंधार पडला होता, काचेत आम्ही दोघीच दिसत होतो. इतक्या उशिरा घुमट पाहिला याचं मला दुःख नव्हतं. मी आत गेले होते, हे पुरे होतं. आणि ही पोर माझ्या निम्म्या वयात आत शिरून भिंत मढवणार होती. मी फोन परत दिला. केतकीने खाली मान घालून काहीतरी टाइप केलं, पाठवलं, फोन पर्समध्ये टाकला आणि त्या दिवसात पहिल्यांदा खळखळून हसत मला म्हणाली,

"हो म्हटलं मी! आता व्हिसा संपायच्या आत तुमच्या मुलाला कुकर लावायला शिकवा, आई."