फ्रिजवाले भाऊजी आणि तापणारा लॅपटॉप

अर्धा रस्ता आम्ही चालून आलो होतो आणि भाऊजी एक अक्षर बोलले नव्हते. हे माझे धाकटे दीर. बत्तीस वर्षं लोकांचे फ्रिज दुरुस्त केले, त्यामुळे खरं नाव कुणाला ठाऊक नाही. फ्रिजवाले म्हटलं की लोक आमचं घर दाखवतात. कापडी पिशवीत माझ्या मुलीचा जुना लॅपटॉप होता आणि तो छातीशी धरून ते चालले होते, आजारी मांजर डॉक्टरकडून परत आणावं तसे. बसने जाऊ म्हटलं तर नुसती मान हलवली. कॉम्प्युटरच्या दुकानात त्यांना सांगितलं होतं की ह्यात आता काही राम नाही, भंगारात द्या. त्यांना ते फार लागलं होतं, कारण त्यांनी स्वतः हे आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही.

त्या लॅपटॉपवर एवढं काय होतं ते सांगते. इस्पितळातला औषधांचा फ्रिज दुरुस्त करायला गेले असताना भाऊजींची तिथल्या टेलिफोन ऑपरेटर बाईंशी ओळख झाली. बाईंना दिसत नाही. त्यांना बढतीची परीक्षा द्यायची होती आणि नियमांचं जाडजूड पुस्तक कुणी वाचून दाखवणारं नव्हतं. भाऊजी म्हणाले, मी वाचतो. तेव्हापासून चार महिने रोज सकाळी मोबाईलवर रेकॉर्ड करत ते वाचत होते. बाईंसारख्या आणखी दहाजणी वेगवेगळ्या गावांतून त्याच परीक्षेला बसत होत्या. सगळ्यांना घरबसल्या ऐकता यावं म्हणून वाचलेलं सगळं ह्या लॅपटॉपवर ठेवलेलं. तो वरच्या खोलीत कायम चालू असायचा आणि त्या आपापल्या फोनवरून त्याला जोडून घ्यायच्या. काल कोण कुठे थांबली होती हेसुद्धा तो लक्षात ठेवायचा.

आणि आता ऊन वाढल्यापासून, आठवडाभर रोज भर दुपारी तो तापून बंद पडत होता. बाईंची ड्यूटी एकला सुटते, अभ्यासाला तेवढाच वेळ. परीक्षा रविवारी होती आणि आज बुधवार.

भाऊजींनी उपाय कमी केले नव्हते. मुळात त्यांनी लॅपटॉप ठेवला होता एका बिघडलेल्या फ्रिजच्या पेटीत. यंत्र काढून घेतलेलं, नुसती पेटी आणि दार. धूळ नको, मुंग्या नकोत, असा विचार. मागच्या भोकातून वायरी घेतल्या आणि भोकाच्या कडेने रबर चिकटवून फट म्हणून ठेवली नाही. दार लावलं की मस्त 'फप्' असा आवाज यायचा, आणि तो ऐकून ते खूश व्हायचे. लॅपटॉप तापू लागला तेव्हा त्यांनी दारावर टेबलफॅन लावला. मग आत बर्फाच्या बाटल्या ठेवल्या. तासभर बरं चाललं, पुढे आत सगळीकडे पाणी सुटलं. तेव्हा मला राहवेना. म्हटलं, भाऊजी, त्याला शिजवताय की भिजवताय ते एकदा ठरवा. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तर आम्ही चाललो होतो. वाटेत एक सरबताचं दुकान लागलं. आतला फ्रिज भिंतीला पाठ लावून उभा होता आणि दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता. भाऊजी पिशवीसकट आत शिरले. ओळख ना पाळख, सरळ दुकानदाराला म्हणाले की हा भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागच्या जाळीतून गरम हवा निघते, तिला जायला वाट ठेवा. दुकानदार भला माणूस. म्हणाला, गारवा पळून जाऊ नये म्हणून आम्ही उलट मागे पोती कोंबलीत. भाऊजींनी समजावायला सुरुवात केली, "अहो, असं कोंडून ठेवलं की आतल्या आत..." आणि मध्येच गप्प झाले. दुकानदार त्यांच्याकडे बघतोय, मी बघतेय.

बाहेर येऊन म्हणाले, "वहिनी, मी गाढव आहे."

म्हटलं, हे घरात जुनंच आहे, आज नवीन काय झालं.

"फ्रिजची पेटी काही गार करत नाही. आत जे असेल ते धरून ठेवते. गार असलं तर गार, गरम असलं तर गरम. इतके दिवस मी त्या बिचाऱ्याला थर्मासात कोंडलंय."

पुढचा रस्ता मी जवळजवळ पळत काढला. साठीला आलेला हा माणूस दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. मी मागून दम खात पोचेपर्यंत लॅपटॉप चटईवर पालथा, वायर काढलेली, आणि भाऊजींच्या हातात बारका पेचकस. मी देवाचं नाव घेतलं आणि स्क्रू ठेवायला वाटी आणली.

बॅटरी टम्म फुगली होती. ती त्यांनी अलगद काढली, टोकदार काही लागू दिलं नाही, आणि जुन्या पत्र्याच्या डब्यात घालून गच्चीवर दूर नेऊन ठेवली. आता वीज गेली तर लॅपटॉप बंद पडेल, पण पेट घेण्यापेक्षा ते बरं, म्हणाले. मग आतला पंखा. त्याच्या तोंडाशी धुळीची अशी घट्ट गादी बसलेली की सुईलाही वाट नव्हती. मी काडीने पाती धरून ठेवली, कारण फुंकरीने पंखा भलताच गरगरला तर बिघडतो. आणि भाऊजींनी पंपाने हवा मारली. दोघंही शिंकून शिंकून बेजार. पंख्याकडे उष्णता नेणारी तांब्याची पट्टी असते, तिच्याखालचा लेप खडूसारखा वाळला होता. तो पुसून मसुराच्या दाण्याएवढा नवा लेप लावला. त्याची नळी भाऊजींच्याच हत्यारांमध्ये पडून होती.

फ्रिजची पेटी खोलीबाहेर गेली. तिच्यातली तारांची जाळी तेवढी ठेवली, दोन विटांवर आडवी टाकली आणि खिडकीपाशी सावलीत तिच्यावर लॅपटॉप ठेवला, म्हणजे खालूनही हवा मिळावी. पडदा बंद केला. आणि मुलीला फोन करून, तिने सांगितलं तसं दाबत, त्याचा वेगही कमी करून घेतला. ऐकवायच्या कामाला घोडदौड कशाला हवी?

गुरुवारी एक वाजल्यापासून आम्ही मोबाईलवर त्याचा ताप बघत बसलो. आधी हा आकडा नव्वदीच्या पुढे गेला की लॅपटॉप मान टाकायचा. एकेक बाई जोडली जात होती. तीन, पाच, आठ. आकडा पंचावन्न, साठ, बासष्ट. अकराही जणी आल्या तेव्हा चौसष्ट झाला. भाऊजी मांडीवर ताल धरून बसले होते. दोन वाजले, तीन वाजले. चौसष्टच्या वर एका अंशानेही गेला नाही. भाऊजी उठले आणि खोलीतल्या खोलीत एक गोल फेरी मारून पुन्हा बसले.

चारला बाईंचा फोन आला. आवाजातच हसू होतं. "दादा, तीन तास सलग ऐकलं, एकदाही तुटलं नाही." आणि लगेच विचारलं की शेवटचे तीन धडे कुठे आहेत.

ते वाचलेच नव्हते. सगळा आठवडा ह्या तापात गेला होता. उद्या देतो, असं भाऊजी म्हणायला गेले, तर तोंडातून नुसती हवा. कालच्या धुळीने आणि शिंकांनी घसा पार बसला होता. बाईंना वाटलं फोन तुटला. त्या हॅलो हॅलो करत राहिल्या. मीच फोन घेऊन सांगितलं की काहीतरी सोय करतो.

भाऊजी गरम पाणी पीत बराच वेळ पुस्तकाची पानं चाळत बसले. मग पुस्तक उघडंच माझ्यासमोर ठेवलं आणि कुजबुजत म्हणाले, "वहिनी, सकाळी देवाजवळ बसून तुम्ही वाचता ते मला इथे वर ऐकू येतं. शब्द न् शब्द सुटा, कुठे घाई नाही. उद्या संध्याकाळपर्यंत हे तीन धडे तसेच वाचून द्याल?"