दरवानाचा सलाम

आमच्या गावच्या समुद्रकाठी एक भलंमोठं जुनं हॉटेल आहे. त्याचा इतिहास मी लिहितो आहे. किती वर्षं, ते मला विचारू नका. बायकोला विचारा, ती मीठमसाला लावून सांगेल. चंदीगडजवळच्या झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये बसून समुद्राविषयी अधिकारवाणीने लिहायला जो निर्लज्जपणा लागतो, तो माझ्याकडे मुबलक आहे.

ते हॉटेल आता पाडणार आहेत. बातमी कळल्यापासून आईने धोशा लावला होता, पाडायच्या आत एकदा जाऊन येऊ. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. मी दर वेळी म्हणायचो, जाऊ गं, तेवढं नाचघराचं प्रकरण लिहून संपू दे.

एका रविवारी समुद्राऐवजी सुखना तलावावर तिची बोळवण करायचं ठरवलं. झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीतून कुणाला उठून जाता येत नाही, म्हणून माझी व्याख्यानं तिथेच होतात. झुंबरं कुठून आली, कुठल्या संस्थानिकाने कुत्र्यांसाठी वेगळी खोली घेतली, सगळं सांगितलं. मागून मुलगी म्हणाली, "आजी, पापा फिर शुरू हो गए."

तलावाकाठच्या बाकावर टेकल्यावर आई म्हणाली, "आम्ही गेलो होतो त्या हॉटेलात. नवीन लग्न झालं होतं. हे म्हणाले, चल, तिथे चहा पिऊ."

मी उडालोच. "आत गेला होतात?"

"दारापर्यंत. फेटेवाल्या दरवानाने कडक सलाम ठोकला. ह्यांचा जन्म कचेरीत सलाम करण्यात गेलेला, घ्यायची सवय कुठली? ह्यांनी त्याच्याहून कडक ठोकला आणि तसेच मागे फिरले. मग कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो."

ती खूप हसली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "शेवटपर्यंत म्हणायचे, पुढच्या खेपेला चहा नक्की."

मला भरून आलं. दुसऱ्या कुणी आईचा हात हातात घेतला असता. मी टिपून ठेवायला फोन काढला आणि विचारलं, "फेटा कुठल्या रंगाचा होता?"

 आई फोनकडे बोट दाखवून म्हणाली, "गावचं तिकीट ह्याच्यावरच काढतात ना रे?"