तलासरीला जाताना किती कपडे घ्यायचे

आमच्या घरातून कुणी गावाला निघालं की एक बॅग भरली जाते आणि एक किस्सा तयार होतो. बॅग परत आली की रिकामी होऊन माळ्यावर जाते. किस्से रिकामे होत नाहीत, त्यामुळे लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझ्याकडे बरेच साठलेत.

डहाणू रोडच्या ह्या घरात माणसं चारच. बाबा, म्हणजे माझे सासरे, रेल्वेतून निवृत्त. सासूबाई. माझा नवरा नीलेश, शाळेत मास्तर. आणि मी. मी फारसं विचारत नाही, त्यामुळे मला कुणी फारसं सांगतही नाही. बॅगेच्या बाबतीत इथले नियम नक्की काय आहेत, ते मी अजून शोधतेय.

*

पहिला नियम बाबांचा. तो मला लग्नानंतर लगेच कळला.

आम्ही दोघं महाबळेश्वरला निघणार होतो. आदल्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "बॅग घ्या आणि चला माझ्याबरोबर." मला वाटलं, देवाच्या पाया पडून यायचं असेल. पण बॅग कशाला? गेलो ते थेट स्टेशनच्या पुलावर.

नियम असा की बॅग एका हातात धरून पूल चढायचा, पलीकडे उतरायचं, परत यायचं. मध्ये हात बदलला तर बॅग जड. मग घरी जाऊन काहीतरी कमी करायचं.

पुढे मी, मेंदीच्या हातात बॅग घेऊन. मागे नीलेश, कुणी ओळखीचं दिसतंय का बघत. खाली बाबा. पलीकडे उतरल्यावर चिकू विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "निघाले का फिरायला? घे गं, वाटेत खायला." आणि ओंजळभर चिकू पुढे केले. नको कसं म्हणणार? चिकू घ्यायला मी हात बदलला, परत आल्यावर बाबांना ते कबूलही केलं. त्यांनी मान हलवली. घरी येऊन माझा स्वेटर बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही खरोखर निघालो तेव्हा मावशींनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काल गेलेले ना? एवढ्यात फिरून पण आले?"

महाबळेश्वरला थंडी किती होती, ते मी अजून बाबांना सांगितलेलं नाही.

*

दुसरा नियम सासूबाईंचा, आणि तो पहिल्याच्या बरोबर उलटा आहे. त्यांच्या मते जी वस्तू आपण बॅगेतून काढतो, तीच नेमकी तिकडे लागते. म्हणून बाबांनी बॅटरी काढली की त्या ती परत ठेवतात. बाबांनी परत काढली तर त्यांची खात्रीच पटते. मग बॅटरीसोबत जादाचे सेलही जातात.

बॅग भरतात मात्र त्याच, सगळ्यांची. आपल्या बॅगेत काय आहे हे घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं. नीलेश ट्रेनिंगला पुण्याला गेला तेव्हा तिथून रोज फोन.

"आई, टॉवेल कुठाय?"

"डाव्या बाजूला, लाडवांच्या डब्याखाली."

"आणि नेलकटर?"

"मोज्यांत. उजव्या."

सासूबाई इथे मेथी निवडतायत आणि पुण्यातली बॅग त्यांना दिसतेय. तिसऱ्या का चौथ्या दिवशी फोनवर मागून दुसराच आवाज आला. नीलेशच्या खोलीत जव्हारकडचे एक सर होते.

"सर, माझा चष्मा सापडत नाहीये. काकूंना विचारता का?"

सासूबाई म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, उशी उचलून बघा."

होता तिथेच.

*

वापीला बाबांच्या मावसभावाकडे लग्न होतं. जाऊन दुसऱ्या दिवशी परत. बाबांनी जाहीर केलं, "एका रात्रीसाठी बॅग? मी बॅग नेणार नाही."

आणि निघताना त्यांनी सगळे कपडे अंगावर चढवले. तीन शर्ट, एकावर एक. वरचा हळदीचा, मधला लग्नाचा, आतला परतीचा. पँटचंही तेच. ऐन मे महिना. उंबरगावपर्यंत बाबा घामाने असे निथळत होते की त्यांना ताप आलाय असं समजून शेजारच्या बाईने जागेवरून उठून मला सांगितलं, "काकांना खिडकीत बसव बेटा, ताव आवे छे एमने."

लग्नात मात्र बाबा प्रत्येक कार्यक्रमाला एक शर्ट उतरवत गेले. सासूबाईंनी आमच्या दोघांच्या बॅगा भरता भरता स्वतःसाठी काही घ्यायचं राहूनच गेलं होतं. अंगावरच्या साडीतच हळद आणि लग्न दोन्ही झालं.

आता अल्बममध्ये बाबा प्रत्येक पानावर नव्या कपड्यांत आहेत. परवा कुणीतरी म्हणालं, "दादाला हौस फार. वहिनी आपली साधी."

सासूबाई म्हणाल्या, "हो ना." आणि पान उलटलं.

*

ह्या सगळ्यापेक्षा अवघड बॅग म्हणजे माहेरची.

माझं माहेर तलासरी. इथून एसटीने आशागडवरून जायचं, डुलकी लागेपर्यंत गाव येतं. एवढ्याशा अंतराला बॅग ती किती? पहिल्यांदा मी पाठीवरची छोटी सॅक नेली. दारातच शेजारच्या काकू माझ्या आईला म्हणाल्या, "एवढुशी पिशवी? राहू देत नाहीत वाटतं पोरीला."

पुढच्या वेळी मोठी बॅग नेली. काकू धावतच आल्या. "काय गं, भांडून आलीस?"

तिसऱ्या वेळी मी मुद्दाम मध्यम बॅग घेतली. काकूंनी ती बराच वेळ निरखली आणि काळजीच्या आवाजात विचारलं, "म्हणजे अजून काही ठरलं नाही का?"

इकडे डहाणूलाही तेच. समोरच्या हंसाबेन माझ्या तोंडाकडे बघतच नाहीत, थेट बॅगेकडे बघतात. कोणी किती दिवस जाणार, हे आमच्यात बोललं जात नाही. बॅगेवरून ओळखलं जातं.

*

गेल्या महिन्यात माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. पप्पांना डोळ्यात थेंब घालायला सांगितलं तर त्यांचाच हात थरथरतो. मला तिथे राहायचं होतं. एक दिवस नाही, चांगलं आई बरी होईपर्यंत. लग्नानंतर मी तिच्याकडे नीट राहिलेच नव्हते.

पण हे बोलायचं कसं?

नीलेशला विचारलं. तो म्हणाला, "तू ठरव ना."

बाबा म्हणाले, "जाऊन ये."

सासूबाई म्हणाल्या, "जा."

तिघांनीही परवानगी दिली आणि किती दिवसांची ते कुणीच सांगितलं नाही. मी बरेच ड्रेस ठेवले. जास्त वाटले म्हणून निम्मे काढले. मग आईचा डोळा आठवला, परत ठेवले. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी माझा चांगला ड्रेस काढला, दोन गाऊन ठेवले आणि चेन लावली. मी रात्री त्या बॅगेकडे बघत पडले. गाऊन ठेवले म्हणजे राहा. चांगला ड्रेस काढला म्हणजे लवकर ये. की उलट?

सकाळी निघाले तर सासूबाई चपला घालून तयार. हातात फक्त छोटी पर्स.

"चल. मी पण बघून येते तुझ्या आईला. संध्याकाळच्या गाडीने परत."

माझं सगळं अवसान गेलं. त्या संध्याकाळी परतणार म्हणजे मीही परतायचं. बरोबर येण्याचा अर्थ तोच असणार. एसटीत त्यांनी खिडकीची जागा घेतली आणि पूर्ण रस्ताभर बाहेर बघत राहिल्या. मी मांडीवर बॅग घेऊन बसले होते, आणि ती बॅग मला उगाच आणल्यासारखी वाटत होती.

दुपारी आई ऑपरेशन होऊन घरी आली. संध्याकाळ झाली. मी मुकाट्याने बॅग दाराशी आणून ठेवली. सासूबाई आईच्या पलंगाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "ही गाडी जाऊ दे. पुढची बघू."

पुढचीही गेली.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या आईच्या साडीत होत्या. डोळ्यात थेंब त्याच घालायच्या, एकदाही इकडेतिकडे न सांडता. दुपारी दोघींचं हसणं बाहेरपर्यंत यायचं, मी चहा घेऊन गेले की थांबायचं. डहाणूहून बाबांचे फोन येत होते. हिंग कुठाय, गॅसचा लायटर कुठाय. सासूबाई सगळं तिथून सांगत होत्या. कधी येणार हे बाबांनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मग एका सकाळी त्या मला म्हणाल्या, "तू जा गं आता घरी. दोघांचे जेवणाचे हाल चाललेत. इथे मी आहे ना."

मी आईकडे पाहिलं. माझ्या सख्ख्या आईकडे. तिने पट्टी नसलेला डोळा माझ्यावर लावला आणि म्हणाली, "हो, तू जा. विहीणबाई आहेत."

दोन्ही गाऊन सासूबाईंनी तिथेच ठेवून घेतले. मी हलकी बॅग घेऊन एकटी परत आले. हंसाबेननी बॅग पाहिली, माझ्या मागचा रिकामा रस्ता पाहिला, आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

बाबा दारात उभे होते. "ही कुठाय?"

"माहेरी," मी म्हटलं. तोंडातून तसंच गेलं.

"किती दिवस?"

मला कुठे माहीत होतं? बाबा आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग माळ्यावरच्या बॅगा सरकवल्याचा. बाहेर आले तेव्हा नीलेशही पोळी करपत ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आला होता.

"तिचं तर सगळं इथेच आहे," बाबा म्हणाले. "म्हणजे लवकर येईल."

मग त्यांनी मला विचारलं, "की नाही?"