काऊन पाहून राहिला असा

देवमन तायडे परतवाड्याच्या लाकूड डेपोत कारकून होते. पण गाव त्यांना ‘गिटारवाले तायडे’ म्हणूनच ओळखतं. जयंतीचा कार्यक्रम असो की कॉलेजचं गॅदरिंग, ते स्वतःची गाणी स्वतःच्या चालीत म्हणायचे. चाल शेतात निंदणाऱ्या बायांच्या गाण्यासारखी लांबत जायची आणि तिच्याखाली ड्रम असा वाजायचा की पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. त्यांच्या पाचसहा कॅसेटी निघाल्या. एसटी स्टँडवरच्या पानठेल्यांवर त्या वाजत. मग कॅसेटी गेल्या, देवमनही निवृत्त झाले आणि गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर त्यांचा आवाज पार बारीक झाला.

त्यांची पुतणी माधवी अमरावतीला एक लहानसा स्टुडिओ चालवते. तिनं काकांची निवडक गाणी एकत्र काढायचं ठरवलं. जुन्या कॅसेटींवरून गाणी उतरवून घेतली, साफ केली. देवमननी सगळ्याला मान डोलावली. हट्ट धरला तो एकाच गाण्याचा.

“ते गाणं मी नव्यानं म्हणतो. जुनं टाकू नको.”

“काका, डॉक्टरनं गळा जपायले सांगितलं न तुमाले?”

“एकच गाणं हाये, पोरी.”

ते एक गाणं जाईबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. जाईबाई माहेरी अकोल्याला निघाल्या. देवमन स्टँडवर सोडायला गेले, पण हातातली पिशवी काही देईनात. नुसते बघत उभे. तेव्हा जाईबाई जे बोलल्या तीच गाण्याची पहिली ओळ झाली: काऊन पाहून राहिला असा?

रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र कॅसेट काढणारा म्हणाला की असलं शहरात कळत नाही, खपणार नाही. देवमन तेव्हा नवखे होते. ओळ झाली ‘का रे पाहतोस असा’. कॅसेट घरी आली. जाईबाईंनी ऐकली आणि विचारलं, “कोन हाये ही?”

“कोन म्हणजे? तूच.”

“मी? मी कवा ‘पाहतोस’ म्हटलं? हे पुण्याची कोनी बाई दिसते. तिच्याच घरी जाऊन जेवा आज.”

तेव्हापासून गावात कुठंही ते गाणं लागलं की जाईबाई म्हणायच्या, “लागलं पाहा पुण्याच्या बाईचं.” सगळे हसायचे, देवमनही हसायचे. पण मी त्यांचा शेजारी, इथल्याच शाळेत शिक्षक. ते गाणं ते कार्यक्रमात शेवटी घेत आणि घाईनं संपवत, हे मला दिसायचं. आता आवाज उरला आहे तोवर जाईबाईंनी हे गाणं आपलं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

ते घरी सराव करू लागले. पहिल्याच दिवशी ‘काऊन पाहून राहिला असा’ म्हटलं आणि जाईबाई हातातलं लाटणं घेऊन बाहेर आल्या.

“राहिला? मी तुमाले एकेरी बोलली कधी? ‘राहिले असे’ म्हटलं होतं मी.”

“‘राहिला’ म्हटलं होतं तू. म्या आपल्या कानानं ऐकलं.”

“तुमचे कान तवापासूनच बिघडले. सर, तुमीच सांगा. लोकं आयकतीन तं काय म्हणतीन? तायडेची बायको नवऱ्याले अरेतुरे करते!”

त्यांच्या ओट्यावर बसलेला मी नुसता हसलो. दुसऱ्या दिवसापासून देवमन ‘राहिले असे’ म्हणू लागले.

त्यानं चाल अडखळली. ‘असा’वर त्यांचा सूर उघडा लांबत जायचा, ‘असे’वर गळा आवळल्यासारखा व्हायचा. माझ्या कानाला कळत होतं, तर त्यांना कळत नसेल असं कसं म्हणू?

ठरल्या दिवशी आम्ही तिघं अमरावतीला गेलो. काचेपलीकडं देवमन माईकसमोर बसले, अलीकडं माधवी, जाईबाई आणि मी. त्यांनी सुरुवात केली आणि ‘असे’वर आवाज चिरकला. पुन्हा चिरकला. पाणी पिऊन म्हटलं, तरी तेच. माधवी हळूच म्हणाली, “काका, राहू द्या. जुनंच टाकू. ते बी चांगलंच हाये.”

देवमननी गिटार मांडीवर आडवी ठेवली. “टाक मग,” म्हणाले. चिडून नाही, पाहुणा उठून जावा तसं.

जाईबाई एकदम म्हणाल्या, “‘राहिला’ म्हणा.”

आतल्या हेडफोनमध्ये ते पोचलं असावं, कारण देवमननी मान वर केली. “तू तं नाही म्हणत होती.”

“म्हटलं होतं मी. गाडी सुटून राहिली होती अन् तुमी पिशवी सोडत नव्हते. निघून गेलं तोंडातून.” पदर सारखा करत त्या पुढं म्हणाल्या, “आजूबाजूले ओळखीचं कोनी नव्हतं तवा.”

माधवीला हसू आवरेना. “काकू, आता सगळ्या दुनियेले आयकू जाईन बरं.”

“जाऊ दे. माह्यंच हाये न ते गाणं.”

देवमननी गिटार उचलली. आवाज बारीकच होता, पण ‘असा’वर तो निसटला नाही, थरथरत, दम धरून शेवटपर्यंत गेला. दुसरं कडवं सुरू झालं तरी त्यांची नजर काचेतून जाईबाईंवरच होती. त्यामुळं तोंड माईकपासून फिरत होतं आणि माधवी हातानं खुणा करून थकली होती.

शेवटी जाईबाईंनीच काचेवर टकटक केलं.

“तिकडे पाह्य ना रे, माईककडे!”

म्हणाल्या आणि जीभ चावून माझ्याकडं बघितलं. मी चष्मा पुसायला घेतला.