आमच्या तलावाचे मेंबर

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील आणि अक्षरही वाकडं आहे. ज्याच्या हाती ही वही पडेल त्यानं माफ करावं. माझी शाळा चौथीतच सुटली. चारचौघांत बोलायला मी भिते, म्हणून लिहिते.

ज्यांच्याविषयी लिहिते त्यांना सगळा मुलूख मेंबर म्हणायचा. पण त्याआधी ते आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्याचे भाऊ होते, आणि भाऊंसारखे मासळीचे वाटे करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. गावानं मिळून तलावात जाळं ओढलं की काठावर पळसाच्या पानांवर घराघराचा वाटा लागायचा. वाटे लावून झाले की भाऊ पाण्याकडे तोंड करून उभे राहायचे. मागून कोणीतरी एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "हा कोनाचा?" भाऊ न बघता नाव घ्यायचे. मोठी मरळ कोणत्या पानावर आहे हे त्यांना दिसत नसे, म्हणून कोणाची कुरकुर नसायची. स्वतःचं नाव ते शेवटी घ्यायचे. माझा नवरा वारल्यावर आमच्या घरातून जाळ्यावर जाणारं कोणी उरलं नाही, तरी माझं नाव एकदाही गळलं नाही. "जाळं वढाले हात नाई, पन खाले तोंड हाये ना," असं म्हणायचे.

देशातली पहिली निवडणूक आली तेव्हा जिल्ह्याच्या गावाहून, चांद्याहून, पक्षाची माणसं जीप घेऊन आली. त्यांना आमच्या समाजातला उमेदवार हवा होता. गावानं भाऊंचं नाव घेतलं. ज्याला मासळी नीट वाटता येते त्याला सरकारही नीट वाटता येईल, एवढंच आम्हाला कळत होतं. अर्ज भरायला अनामत लागत होती. ती आम्ही बायकांनी जमवली, मूल गावच्या बाजारात सुकी मासळी आणि मुरमुरे विकून. मी नवऱ्याचं मोठं जाळं विकलं. भाऊ म्हणाले, "बाई, हे जाळं मी विसरनार नाई." मी मान खाली घालून आत गेले. आनंद झाला तरी मला तो दाखवता येत नाही.

भाऊ निवडून आले आणि कोट घालून नागपूरला विधानसभेत जाऊ लागले. पहिल्या खेपेला त्यांनी संत्र्यांचं पोतं आणलं आणि तलावाच्या काठावर त्याचेही वाटे केले, तसेच पाण्याकडे तोंड करून. म्हातारा बुधाजी विचारायचा, "तिथी काय करता गा?"

"बसतो. घंटी वाजली का आत जातो. आमचा पुढारी हात वर करते, मंग आमी बी करतो."

"आन् येवढ्यासाठी रेल्वेचा फुकट पास?"

भाऊ खदखदून हसायचे. तोवर ते हसणं आमच्यातलंच होतं.

तलावातले शिंगाडे आमच्यात पाळीनं लावायचे, एक साल एका घरानं. मेंबरकीही तशीच फिरत असणार, असं गावानं धरून टाकलं होतं. साल भरलं तसा बुधाजी धुतलेलं धोतर नेसून, शिदोरीचं गाठोडं घेऊन भाऊंच्या अंगणात जाऊन बसला. "आता माही पाळी हाये गा. तुहा थो कोट दे आन् नागपूरची गाडी दाखवून दे." भाऊंकडे तेव्हा चांद्याचे पाहुणे बसले होते. भाऊंनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे हसले तसे भाऊही हसले, डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "पाच सालं असते काका. आन् पाळी नसते."

बुधाजी गाठोडं उचलून निघून गेला. मी कुडाच्या आडून पाहत होते. बुधाजीला कायदा माहीत नव्हता, हे खरं. पण भाऊंना तो माहीत होता आणि सालभरात आम्हाला बसवून सांगावंसं त्यांना वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी मनात त्यांना मेंबरच म्हणू लागले.

मालगुजारी, म्हणजे गावच्या जमिनी-तलावावरची मालकी, निवडणुकीच्या आधीच गेली होती. आमचा मालगुजार काही चांगला माणूस नव्हता, पण तलावातली मासळी त्यानं कधी आमच्यापासून तोडली नव्हती. तलाव सरकारचा झाला होता, आता नव्या कायद्यानं त्यातल्या मासळीचा लिलाव निघाला. मूलच्या एका ठेकेदारानं बोली जिंकली आणि काठावर राखणदार बसवला. एका सकाळी त्या राखणदारानं माझ्या नणंदेच्या हातातली झिंग्यांची टोपली हिसकून पायाखाली तुडवली. ज्या पाण्यावर तिच्या बापानं संसार केला, त्या पाण्यात ती चोर ठरली.

आम्ही सगळे मेंबरांकडे गेलो. ते म्हणाले, "लिलावाचा कायदा झाला. मी बी हात वर केला. मालगुजार जावा म्हनून तुमीच तं म्हनत होते."

"मालगुजार जावा म्हनत होतो. तलाव जावा कोन म्हटलं?" नणंद म्हणाली. "हात वर कराच्या आधी आमाले इचाराचं होतं."

"थे इतकं सोपं नसते, बाई."

"मंग आता उठून बोला. आमचा तलाव आमाले ठेवा, येवढंच सांगा. पाठ फिरवून उभं राहाची तं तुमाले सवयच हाये, एकडाव तोंड करून उभे राहा."

मेंबरांना ते लागलं. म्हणाले, "याच बैठकीत बोलतो."

बैठक संपली. ते गावी आले आणि कोणाला न भेटता घरात शिरले. मी गेले. पुरुषांसमोर मी कधी बोलत नाही, त्या दिवशी बोलले. "बोलले का, भाऊ?"

ते खुंटीला कोट अडकवत होते. "उठलो होतो, बाई. सारे माह्याकडं पाहाले लागले. दोन शब्द बोललो तं आपली बोली आयकून समोरचा एक हसला. मंग बसलो."

मला क्षणभर त्यांची कीव आली. चारचौघांत उभं राहिलं की जीभ कशी टाळूला चिकटते, हे माझ्याइतकं गावात कोणाला ठाऊक असेल? पण लगेच संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. मी भिते ती माझ्या एकटीपुरती. ते आमच्या सगळ्यांच्या नावावर त्या खुर्चीत बसले होते. एक माणूस हसला म्हणून त्यांनी तलाव सोडला. बुधाजीला हसताना त्यांना कसलीच लाज वाटली नव्हती.

पुढच्या बैठकीत बोलतो, असं ते दर वेळी म्हणायचे. आमची माणसं बांधकामावर गेली, कोणी घुग्घुसला कोळशाच्या खाणीत गेलं. तलावातली मासळी ठेकेदाराच्या बैलगाडीतून मूलला जात राहिली.

दुसरी निवडणूक आली. आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला होता, म्हणून आता नागपूरला नाही, मुंबईला बसायचं होतं. मेंबर जीप घेऊन थेट आमच्या मोहल्ल्यात आले आणि माझ्या अंगणात साऱ्या बायकांना बोलावून घेतलं. निवडून आल्यावर अनामत सरकारकडून लगेच परत मिळते, हे त्या दिवशी जीपच्या ड्रायव्हरकडून आम्हाला कळलं. इतकी सालं ते पैसे मेंबरांकडेच होते.

"तलावाचं काय?" नणंदेनं विचारलं.

"थे माह्या हाती नाई. पैसे माह्या हाती होते, थे आनले."

कोणी किती दिले होते हे त्यांच्या तोंडपाठ होतं. एकेकीचं नाव घेऊन ते पैसे देत गेले. माझं नाव आलं तेव्हा मी हात पुढे केला नाही. म्हटलं, "हे आमी उसने नव्हते देल्ले, भाऊ. तुमी आमच्यासाठी उठावं म्हनून देल्ले."

"तरी घे, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्या कोनी मले पैसे खाल्ले म्हनाले नाई पाह्यजे."

त्यांनी पैसे माझ्या ओट्यावर ठेवले आणि ते जीपकडे निघाले. जीप दिसेनाशी झाल्यावर नणंदेनं ते दोनदा मोजले. जाळ्याचे सगळे पैसे आले होते. एक आणाही कमी नव्हता.