मुलाचे सामान्य वास्तव्य

मूल राहते कुठे, हे कशावरून ठरवावे? शेजारच्या सुनंदाच्या बाजूने साक्ष द्यायला न्यायालयात गेलो, तेव्हापासून या प्रश्नाचे उत्तर शोधतो आहे. नागपूरचे सासर सोडून ती लेकीसह नाशिकला भावाकडे आली. लेकीच्या ताब्याचा अर्ज तिने नाशिकला केला, नवऱ्याने नागपूरला. मूल सामान्यतः जिथे राहते, तिथल्याच न्यायालयाने निर्णय द्यावा, असे कायदा सांगतो. त्यामुळे मुलगी कोणाकडे जाईल हे दूरच. ती राहते कुठे, यावरच तारखा पडत होत्या. तोवर "जैसे थे"चा आदेश होता. मायलेकींना शहर सोडता येत नव्हते.

न्यायालयाबाहेरच्या बाकावर सुनंदाचे वकील मुलीला हसून म्हणाले, "काय गं ठमे, घर कुठं तुझं?"

मुलीने आईकडे पाहिले.

"बघा, पढवल्याशिवाय बोलायची नाही पोर!" समोरून आत्याने टोमणा मारला.

मुलगी शेजारी बसलेल्या मामीकडे वळली. "मामी, पाणी घेऊ?"

"अगं, रोज काय विचारतेस? घे की!" मामी मायेने म्हणाली. तरी बाटली हातात दिल्यावरच ती प्यायली.

मूल न विचारता जिथे पाणी घेते, तिथे ते राहते, असे मला त्या क्षणी वाटले. या कसोटीने ती नाशिकला राहत नव्हती. आणि ती नाशिकलाच राहते, हे शपथेवर सांगायला मी आलो होतो. मी तसे सांगितले नाही, तर सुनंदाचा अर्ज इथे टिकणार नव्हता. तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला.

माझी कसोटी चुकीची ठरावी, अशी माझी इच्छा आहे. वाचकांनी ती आपापल्या घरी तपासून पाहावी.