दादाला हवा होता तो उजेड

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर काम करते. गावी, इंझोरीला, घरी एवढंच माहीत होतं की बाई डॉक्टरकीतलं काहीतरी शिकून राह्यली, आणि माय तेवढ्यावर खूश होती. दादाचं तसं नव्हतं, त्याला सगळं नीट कळायला हवं असायचं. दादा माझ्याहून मोठा, आणि शाळेत असल्यापासून त्याला मिरगी. सकाळ-संध्याकाळ गोळी, विहिरीवर एकट्याने जायचं नाही, गाडी चालवायची नाही, असं ऐकतच तो मोठा झाला. तरी शेत सगळं तोच पाहतो.

त्या वर्षी सोयाबीन काढणीला आलं तेव्हा मी सुट्टी घेऊन घरी गेले होते. संध्याकाळी ओसरीवर त्याला मोबाईलमध्ये आमच्या कामाचं एक चित्रण दाखवलं. उंदराच्या डोक्यात केसासारखी बारीक काचेची तार बसवलेली. फीट सुरू झाली की यंत्र ती ओळखतं, तारेतून निळा उजेड आत जातो, आणि आखडलेला उंदीर सैल होऊन मिशा पुसायला लागतो. दादाने ते पुन्हा पुन्हा पाहिलं. नुसत्या उजेडानं कसं थांबतं, त्यानं विचारलं. नुसत्या नाही, मी समजावलं. आधी शेवाळातलं एक प्रथिन मेंदूतल्या काही पेशींमध्ये तयार होईल अशी सोय करावी लागते, मग त्या पेशी निळ्या उजेडाला ओ देतात आणि भडकलेल्या शेजारणींना गप्प करतात. उंदरांना गोळ्याही देता का, हेही त्यानं विचारलं. नाही देत, मी म्हणाले. गोळी दिली तर फीट उजेडानं थांबली की औषधानं, ते कळणार कसं?

शेवटी तो म्हणाला, "मले कधी लावशीन?"

माणसाच्या मिरगीसाठी हे अजून नाही, कवटीला भोक पाडावं लागतं, किती वर्षं लागतील सांगता येत नाही, हे सगळं मी त्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि गुरांकडे गेला.

आठवडाभरानं आमच्या गंजीला हडंबा लागला. ट्रॅक्टरवर चालणारं ते मळणीयंत्र सुरू झालं की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. दादा यंत्राच्या तोंडाशी उभा राहून सोयाबीनच्या पेंढ्या आत सारत होता. मी पाणी घेऊन आले आणि माझं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडे गेलं. अंगठा आत वळून ठरावीक लयीत उडत होता. उंदरांच्या पंजात ही सुरुवात मी इतक्यांदा पाहिली आहे की ती ओळखायला विचार करावा लागत नाही.

मी ओरडले. ट्रॅक्टरवाल्याला ऐकू गेलं नाही. कळशी टाकून धावले, मागून दादाच्या कमरेला मिठी मारली आणि सगळा जीव लावून मागे ओढलं. आम्ही दोघं मागच्या कुटारात, भुशाच्या ढिगात पडलो. त्याच्या हातातली पेंढी तेवढी यंत्रात गेली.

मी त्याला कुशीवर वळवलं. कुणीतरी चप्पल हुंगवायला आणली, कुणी दातांत चमचा घालू पाहत होतं. मी दोघांनाही दूर सारलं. एरवी दादाची फीट लवकर ओसरते. त्या दिवशी ओसरेना. ओठ निळे पडू लागले. प्रयोगशाळेत अशा वेळी उजेड आपोआप लागतो. इथे माझ्या हातात त्याचं डोकं होतं आणि त्याखाली माझी ओढणी.

शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून त्याला कारंज्याला नेलं. रस्त्यात, तो शुद्धीवर येण्याआधीच, त्याला दुसरी फीट आली. माय पुढच्या सीटवर होती. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, मग दुसरं दिलं, तेव्हा कुठे त्याचं अंग सैल पडलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या बंद केल्या होत्या का? मी ठामपणे नाही म्हणाले. माय खाली बघत होती. ती हळूच म्हणाली, "चार-पाच दिवस झाले, घेत नोता तो. मले वाटलं तूच सांगतलं."

दुसऱ्या दिवशी तो नीट बोलू लागला. जीभ चावली गेल्यानं शब्द जड येत होते. काहून बंद केल्या, मी विचारलं.

"तूच म्हनली ना, गोळी घेतलेला उंदीर चालत नाई."

मी रागावले, दवाखाना आहे हेही विसरून. तू उंदीर आहेस का, हडंब्यात हात गेला असता तर, मायचा विचार केलास का, असं बरंच काही. त्यानं मला बोलू दिलं.

"त्या उंदराले कोनी इचारलं होतं का?" तो म्हणाला.

"नाही."

"मंग मले तं इचार. मी हो म्हन्तो."

मी त्याच्या खाटेवर बसले. हो म्हणणारा माणूस समोर असला तरी मला ते करता येत नाही, करायचंही नाही, हे त्याला सांगायला मला फार वेळ लागला. आपल्या आयुष्यात ते होईलच असं नाही, हेही या वेळी आडपडदा न ठेवता सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. संध्याकाळी नर्सनं गोळी आणली तेव्हा मात्र त्यानं हात पुढे केला.

पुढे अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे त्याला घेऊन गेले. त्यांनी औषध बदललं. आता फिटा कमी येतात, थांबल्या नाहीत. हडंब्याच्या तोंडाशी मी त्याला उभं राहू देत नाही, यावरून मात्र आमचं दर हंगामात भांडण होतं.

कधी कधी तो फोन करून उंदरांचं विचारतो. मध्यंतरी एक उंदीर प्रयोग चालू असतानाच मेला. उजेड लागला होता, फीट थांबली नाही. ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "दुसऱ्या उंदरावर करून पाह्य." मी हो म्हणाले आणि पिंजऱ्यांच्या खोलीत गेले.